न-७: नरक्याच्या फांदीतली बुरशी, जून ते ऑक्टोबरच्या नोंदी

९ जून

पेशी आल्या. पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेच्या पेशी-भांडारातून एचसीटी-११६ चा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींचा, एक टी-२५ फ्लास्क. गळ्यापर्यंत मीडिया, म्हणजे पेशींचं द्रवरूप खाद्य, भरलेला, झाकणाला पॅराफिल्म, थर्माकोलच्या डब्यात नीट बसवलेला. माझी विद्यार्थिनी तो मांडीवर घेऊन स्वारगेटहून एसटीने कोल्हापूरला आली, सुमारे २३० किलोमीटर. फ्लास्कमध्ये हवा राहिली तर गाडीच्या हिसक्यांनी मीडिया खळखळतो आणि तळाला चिकटलेल्या पेशी सुटतात, म्हणून तो काठोकाठ भरून आणतात. बर्फात ठेवू नकोस, हे तिला निघताना दोनदा सांगितलं होतं. तिनं डब्याला हातसुद्धा लावू दिला नाही कुणाला.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं. थोड्या तरंगताहेत, बहुतेक जागेवर आहेत. आज त्यांना त्रास द्यायचा नाही. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, रात्रभर विश्रांती.

कामाचं स्वरूप एकदा लिहून ठेवते. वनस्पतिशास्त्रातल्या सरांनी वनखात्याच्या परवानगीनं घाटमाथ्यावरून नरक्याच्या काही फांद्या आणल्या आणि त्यांच्या आत राहणाऱ्या बुरश्या वेगळ्या केल्या. झाडाला कसलाही रोग न करता त्याच्या पेशींमध्ये नांदणाऱ्या या बुरश्या. त्यातली सातवी ती न-७. तिच्या अर्काचे पाच भाग केले: अ, ब, क, ड, इ. यातला कुठला भाग मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींवर काय करतो, आणि का करतो, हे पाहायचं.

१३ जून

पेशी रुळल्या. साधारण दिवसाभरात दुप्पट होताहेत. मीडियाचा लाल रंग दुसऱ्या संध्याकाळी नारिंगीकडे झुकतो, म्हणजे खाणंपिणं व्यवस्थित चालू आहे.

पहिलं काम प्रयोग नव्हे, साठवण. गोठताना पेशींना जपणाऱ्या १० टक्के डीएमएसओमध्ये आठ नळ्या भरल्या, मिनिटाला एक अंश या हिशेबानं गार होऊ दिल्या आणि उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये टाकल्या. नायट्रोजन आम्हाला ज्यांच्याकडून येतो त्यांचा मुख्य धंदा गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्यांसाठी लागणारी भांडी भरण्याचा. दुधाच्या जिल्ह्यात असल्याचा हा फायदा मला मनापासून आवडतो. ज्या टाकीतून गावोगावच्या गोठ्यांसाठी नायट्रोजन निघतो, त्याच टाकीतून आमच्या पेशींनाही मिळतो.

२० जून

मायकोप्लाझ्माची तपासणी. हे जिवाणू पेशीभित्तिकेशिवायचे असतात, त्यामुळे पेनिसिलिन त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही ते निसटतात. मीडिया गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत. फक्त त्यांचं सगळं वागणं हळूहळू बदलतं आणि तुम्ही वर्षभर भलत्याच गोष्टीचा अभ्यास करत बसता.

डीएनएला चिकटणारा होएक्स्टचा निळा रंग दिला. एचसीटी-११६ मध्ये केंद्रकं तेवढी निळी, बाहेर काळोख. स्वच्छ. मग तुलनेसाठी दुसऱ्या एका संस्थेतून मैत्रीखात्यात मिळालेल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्वचेच्या निरोगी पेशी, पाहिल्या. प्रत्येक केंद्रकाभोवती निळ्या धुळीसारखे ठिपके, पेशीच्या कडेपर्यंत पसरलेले. दोन फ्लास्क, दोन्ही तसेच. विद्यार्थिनी म्हणाली, औषध देऊन पाहूया का मॅडम? नाही म्हटलं. सरळ ऑटोक्लेव्ह. हूड, पिपेटा, पाण्याचा बाथ सगळं पुसून काढलं. एका फ्लास्कचा मोह धरला तर शेजारचा एचसीटी-११६ पण गेला असता. नव्या फायब्रोब्लास्ट मागवल्यात, त्या आल्या की आधी आठवडाभर वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये राहतील.

२७ जून

आज पाऊस होता, प्लेट नव्हती. विद्यार्थिनीला नरक्याची गोष्ट सांगितली, ती इथेही उतरवते, कारण तिच्याशिवाय या वहीतला पुढचा एकही प्रयोग कळणार नाही.

नरक्या हे सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरचं छोटं झाड. लाकूड कापलं की घाण वास येतो, म्हणून हे नाव. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य मुळात सापडलं एका चिनी झाडात, १९६६ साली, मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांना. वाणी आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचनाही याच जोडीनं उलगडली. कर्करोगावरच्या इतक्या मोठ्या दोन औषधांच्या मुळाशी खानदेशातला एक माणूस आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला फार वाटतं. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी नरक्यातही कॅम्प्टोथेसिन असल्याचं दाखवलं. आणि मग आपल्या डोंगरांवर कुऱ्हाड आली. परदेशी मागणीपायी नरक्याची चोरटी तोड झाली, पोतीच्या पोती पकडली गेली. म्हणून बुरशी. बुरशी फ्लास्कमध्ये वाढवता आली आणि तिनं हे द्रव्य खरोखर तयार केलं, तर झाड तोडायचं कारण उरत नाही. मी या प्रकल्पात आहे ती याच एका शक्यतेसाठी.

द्रव्याचा स्वभाव विचित्र आहे. रेणूत लॅक्टोनचं एक कडं असतं. ते मिटलेलं असेल तरच काम होतं, आणि रक्ताच्या पीएचला ते उघडतं. वर माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन उघडलेल्या रूपाला धरून ठेवतं, उंदराचं तितकं धरत नाही. उंदरात दिसलेला गुण माणसात ओसरतो त्याचं हे एक कारण. शिवाय पाण्यात विरघळत नाही. १९७० च्या सुमारास सोडियम क्षाराच्या रूपात रुग्णांना दिलं गेलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव, जुलाब, पांढऱ्या पेशी घसरणं, असं सगळं झालं आणि काम थांबलं. १९८५ मध्ये कळलं की ते टोपोआयसोमरेझ-१ या एन्झाइमला पकडतं, तेव्हा पुन्हा जीव आला. टोपोटेकान आणि आयरिनोटेकान ही त्याची दोन भावंडं १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

एवढं सांगेपर्यंत चहा गार झाला होता.

३ जुलै

पहिली पूर्ण प्लेट वाचली. ९६ वेल, म्हणजे छोटे खळगे, प्रत्येकी ५,००० पेशी, ७२ तास. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं पीबीएस हे क्षारपाणी, कारण तिथून बाष्प उडतं आणि आकडे वेडेवाकडे येतात. अर्क विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ सगळीकडे ०.१ टक्का. शेवटी एमटीटी, चार तास.

एमटीटी हा पिवळा रंग. जिवंत पेशींतली एन्झाइम्स त्याचं जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात. ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचायचं. जितकं जांभळं तितक्या जिवंत, असा हिशेब.

कॅम्प्टोथेसिन: उतार सुरेख. अ, क, इ: काही नाही. ड: साठ टक्क्यांनी घट. ब: ११८ टक्के.

ब मध्ये पेशी कंट्रोलपेक्षाही, म्हणजे काहीच न दिलेल्या पेशींपेक्षाही, जास्त जिवंत! विद्यार्थिनीनं वहीत 'ब निरुपद्रवी' लिहून टाकलं आणि पुढच्या प्लेटची आखणी करायला घेतली. मी तिला विचारलं, एमटीटी घालण्याआधी प्लेट पाहिली होतीस का? नव्हती. वाचायची घाई होती. तिचा दोष नाही. मीच तिला मशीन आधी शिकवलं आणि मायक्रोस्कोप नंतर.

नशिबानं त्याच पेशींची, त्याच मात्रांची जोडप्लेट इन्क्युबेटरमध्ये होती. ती घेतली. ब चे वेल. तळ जवळजवळ उघडा. गोल, आक्रसलेल्या पेशी वर तरंगताहेत, काहींचे तुकडे झालेत. ११८ टक्के जिवंत म्हणून नोंदलेल्या वेलमध्ये मोजून पाच-सहा पेशी धड होत्या.

आम्ही दोघी आळीपाळीनं बराच वेळ बघत होतो.

४ जुलै

सकाळी अर्ध्या तासाचा प्रयोग. पेशी नाहीतच. नुसता मीडिया, त्यात ब, त्यात एमटीटी. अर्ध्या तासात जांभळं. दुपारपर्यंत शाईसारखं.

म्हणजे ब मधलं काहीतरी एमटीटीला स्वतःच जांभळं करतंय. फिनॉलवर्गातली द्रव्यं हे करतात. वनस्पती आणि बुरशीच्या अर्कांत ती भरपूर असतात, ब चा तपकिरी रंगही तेच सांगत होता. पेशी मेल्या तरी रंग आला आणि मशीननं तो जीव म्हणून मोजला.

आजपासून प्रत्येक प्लेटमध्ये प्रत्येक भागासाठी तीन वेल पेशींशिवायचे. जागा जाते, जाऊ दे.

१० जुलै

एसआरबीवर आलो. हा रंग पेशींच्या प्रथिनांना चिकटतो, त्यांच्या श्वासोच्छ्वासाशी त्याला देणंघेणं नाही. आधी पेशी ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लानं जागच्या जागी पक्क्या करायच्या, रंग द्यायचा, मग एक टक्का अॅसिटिक आम्लानं धूत राहायचं. वेळखाऊ, पण मेलेल्या पेशी धुवून जातात आणि उरतं ते खरं असतं.

ब आता मारतो असं दिसतं. चांगलाच मारतो. एचसीटी-११६ ला मारतो, आणि नव्यानं आलेल्या, तपासून स्वच्छ निघालेल्या फायब्रोब्लास्टनाही तितकाच मारतो.

विभागात बातमी पसरली की आम्हाला 'हिट' मिळाला. दोघांनी पेढे मागितले. मी म्हटलं थांबा.

१६ जुलै

थांबले ते बरं झालं. जो भाग सगळ्यांना सारखाच मारतो त्याच्याकडे मी संशयानं बघते. फिनॉल नुसत्या मीडियात, पेशींच्या अनुपस्थितीत, हवेतल्या ऑक्सिजनशी झटापट करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. म्हणजे आपण पेशींना औषध देतोय असं समजायचं आणि प्रत्यक्षात जखम धुवायचं पाणी पाजायचं.

मांडणी अशी केली: ब एकटा. ब आणि कॅटालेज, जे पेरॉक्साइड मोडून टाकतं. ब आणि उकळून निकामी केलेलं कॅटालेज. शेजारी कॅम्प्टोथेसिन, कॅटालेजसह आणि कॅटालेजशिवाय.

मध्येच लाईट गेली. यूपीएसवर इन्क्युबेटर दोन तास धरतो. मामा दारापाशी खुर्ची टाकूनच बसले. "दार उघडू नगासा कुणी. आत पोरं झोपल्यात." दीड तासानं लाईट आली, तापमान अर्ध्या अंशानं खाली होतं. मामा गेली अनेक वर्षं या लॅबमध्ये आहेत. सिलिंडरचा काटा, नायट्रोजनची पातळी, ऑटोक्लेव्हची शिट्टी, सगळ्यावर त्यांचं लक्ष असतं. आमच्या निबंधांखाली त्यांचं नाव कधी येत नाही. या प्रकल्पाच्या आभारांत ते येईल, हे मी आजच लिहून ठेवते.

१९ जुलै

ब आणि कॅटालेज: पेशी टवटवीत. ब आणि उकळलेलं कॅटालेज: मेलेल्या. कॅम्प्टोथेसिनवर कॅटालेजचा परिणाम शून्य.

ब संपला. विद्यार्थिनीचा चेहरा उतरला. सहा आठवडे गेले, हे खरं आहे. पण हे सहा आठवडे आम्ही दिले नसते तर दुसऱ्या कुणाचे सहा वर्षं गेले असते, कारण ब छापून आला असता. तिला आज लवकर घरी पाठवलं.

२४ जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीवर गेलं, धोक्याची पातळी ४३. लॅब टेकाडावर आहे, तिला पाण्याची भीती नाही. भीती रस्त्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि कितीतरी दिवस शहरात काही येईना. द्रव नायट्रोजन रोज थोडा उडतच असतो. तेव्हा आमच्या भांड्यात पट्टी बुडवली की तळाशी चार बोटं ओल लागायची. वाचलो, पण ते दिवस विसरलेले नाही.

म्हणून आज भांडं काठापर्यंत भरून घेतलं. चालू फ्लास्कमधल्या सगळ्या पेशी गोठवल्या, एकही वाढत ठेवली नाही. विद्यार्थिनीची खोली शुक्रवार पेठेत नदीकडच्या बाजूला आहे, तिला मी माझ्याकडे राहायला बोलावलं. येताना तिनं कपड्यांच्या आधी वह्या आणि पेनड्राइव्ह पिशवीत भरले होते.

५ ऑगस्ट

पाणी उतरलं. पेशी वर काढल्या. ३७ अंशांच्या पाण्यात नळी हलवत राहायचं, बर्फाचा शेवटचा कण उरला की बाहेर. ट्रायपॅन ब्लूनं मोजल्या, शंभरातल्या ८६ जिवंत. आठवडाभर फक्त वाढू द्यायच्या.

१२ ऑगस्ट

चंदगडकडच्या मावसभावाचा फोन. त्याच्या सासऱ्यांना मोठ्या आतड्याचा कर्करोग आहे, ऑपरेशन झालंय, केमो चालू आहे. गावात कुणीतरी नरक्याच्या सालीचा काढा देतो. "ताई, तू त्यावरच संशोधन करतीस म्हणं. मग द्यायला काय हरकत?"

मी विचारलं, केमो कुठली चालू आहे? कागद बघून वाच. त्यानं अडखळत वाचलं: फोल्फिरी.

माझ्या हातातला पेन खाली पडला. फोल्फिरीतलं शेवटचं औषध आयरिनोटेकान. म्हणजे त्यांच्या सलाईनमधून जे जातंय ते याच झाडातल्या द्रव्याचं सुधारलेलं, मोजून दिलेलं रूप. त्याच्यावर साल उकळून प्यायची म्हणजे तेच विष दुसऱ्यांदा, न मोजता. सालीत द्रव्य किती, हे झाडागणिक बदलतं. आयरिनोटेकानचे ठरलेले त्रास म्हणजे जोराचे जुलाब आणि पांढऱ्या पेशी घसरणं. काढ्यानं नेमके तेच वाढणार.

त्याला हे सगळं सावकाश सांगितलं. मग विचारलं, घेतलाय का एकदा तरी? थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, दोनदा. जुलाब? कालपासून. मी म्हटलं, आत्ता, या क्षणी त्यांना दवाखान्यात घेऊन जा, आणि डॉक्टरांना काढ्याचं नाव सांग. लपवू नकोस. ते रागावले तर रागावू देत. रात्री नऊला त्याचा फोन आला, दाखल करून घेतलंय, सलाईन लावलंय.

प्लेटवर पेशी मेल्या म्हणजे औषध सापडलं, असं लोकांना वाटतं, आणि त्यांना तसं वाटतं त्याला आम्हीही जबाबदार आहोत. विभागांच्या बातम्यांत 'अमुक वनस्पती कर्करोगावर गुणकारी' असे मथळे आम्हीच देतो. प्लेटवर मीठ जास्त झालं तरी पेशी मरतात. पुढच्या महिन्यात चंदगडला जाऊन दवाखान्यातल्या आशाताईंशी बोलायचं ठरवलंय.

१९ ऑगस्ट

सासरे घरी आले. जुलाब थांबले. पुढची केमो डॉक्टरांनी आठवडाभर लांबवलीय.

२४ ऑगस्ट

ड कडे वळलो. ड नं पेशींशिवायच्या वेलमध्ये रंग दिला नाही. कॅटालेजनं त्याचा परिणाम पुसला जात नाही. ब नं पाडलेल्या दोन्ही खड्ड्यांतून ड पार झाला.

आता मारतो कसा, हा प्रश्न. टोपोआयसोमरेझ-१ डीएनएच्या दोनांपैकी एका धाग्याला चीर पाडतं, पीळ सोडवतं आणि चीर पुन्हा सांधतं. कॅम्प्टोथेसिन त्याला सांधायच्या आधीच धरून ठेवतं. नुसती चीर पेशीला झेपते. पण पेशी डीएनएची नक्कल करत असेल, तर नक्कल करणारी यंत्रणा त्या चिरेवर येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. म्हणून मरतात त्या मुख्यतः एस टप्प्यातल्या, नक्कल चालू असलेल्या पेशी. तुटलेल्या जागेभोवती एचटूएएक्स या प्रथिनावर फॉस्फेट बसतं, त्याला गॅमा-एचटूएएक्स म्हणतात, आणि प्रतिपिंडानं रंगवलं की केंद्रकात हिरवे ठिपके चमकतात.

पण ठिपके पेरॉक्साइडनंही येतात. म्हणून ईडीयूचा लाल रंगही दिला, तो फक्त नक्कल चालू असलेल्या केंद्रकांत शिरतो. कॅम्प्टोथेसिनसारखं काही असेल तर हिरवे ठिपके लाल केंद्रकांतच दिसले पाहिजेत.

३१ ऑगस्ट

मोजणी. प्रत्येक काचेवर १०० केंद्रकं, दहापेक्षा जास्त ठिपके असतील तर ते धरायचं. काचा कोणत्या हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून मामांनी लेबलांवर कागद चिकटवले आणि त्यावर भाज्यांची नावं लिहिली. वांगी, दोडका, गवार, घेवडा, पडवळ. यादी त्यांच्या खिशात.

विद्यार्थिनीनं दोन दिवस मोजलं, मी स्वतंत्र दोन दिवस. मग मामांनी चिठ्ठी काढली.

वांगी, म्हणजे कंट्रोल: ४. दोडका, म्हणजे कॅम्प्टोथेसिन: ४१, एक सोडून सगळी लाल. गवार, म्हणजे ब: ३८, पण लाल आणि बिनलाल दोन्हींत विखुरलेली. घेवडा, म्हणजे ड: ३३, त्यातली ३१ लाल. पडवळ, म्हणजे आधी अॅफिडिकोलिननं नक्कल थांबवून मग दिलेला ड: ५.

नक्कल थांबवली की ठिपके गेले. ड एस टप्प्यातच मारतो.

तिनं मामांना वाकून नमस्कार केला. मामा गडबडले. "अगं पोरी, मी नुसती भाजी लिवली."

७ सप्टेंबर

आनंद एक आठवडा टिकला, आणि तो खरा होता. आज ड ची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी केली. शेजारी शुद्ध कॅम्प्टोथेसिन. दिवा ३६६ नॅनोमीटरवर लावला. कॅम्प्टोथेसिनचा ठिपका निळा चमकतो. ड मधलाही निळा, त्याच उंचीवर. मग सामायिक उपकरण केंद्रात एचपीएलसीवर नेलं, हे यंत्र मिश्रणातलं प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर सोडतं. तीच वेळ, मिसळून घातलं तरी एकच शिखर.

नवं द्रव्य नाही. १९६६ चंच.

तिला वाईट वाटेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "पण मॅडम, आपल्याला नवं द्रव्य कुठं हवं होतं? बुरशी हवी होती ना?" बरोबर आहे. जून महिन्यात मीच लिहून ठेवलं होतं ते, आणि हिरव्या ठिपक्यांच्या नादात विसरले.

आता खरा प्रश्न उरतो. हे न-७ नं तयार केलं, की नरक्याच्या फांदीतून तिच्याबरोबर आलं?

१८ सप्टेंबर

सरांकडे न-७ च्या पहिल्या चार पिढ्यांच्या नळ्या आहेत. प्रत्येक पिढी म्हणजे ९० मिलिमीटरच्या प्लेटमधून ५ मिलिमीटरचा तुकडा उचलून नव्या प्लेटवर. क्षेत्रफळाचा साधारण ३२४ वा भाग. द्रव्य फांदीतून नुसतं चिकटून आलं असेल तर दुसऱ्या पिढीतच ते तीनशेपट विरळ व्हायला हवं. बुरशी स्वतः करत असेल तर टिकायला हवं.

चारही पिढ्या एकाच दिवशी, एकाच बॅचच्या रश्श्यात, म्हणजे बुरशीच्या द्रवरूप खाद्यात, लावल्या. बारा दिवस. तोवर कॅम्प्टोथेसिनची पायरीपायरीनं उतरती मात्रा देऊन ठिपके मोजून घेतले, कारण ठिपके आणि मात्रा सरळ प्रमाणात चालत नाहीत. आमच्या ड मध्ये असलेली मात्रा तीनशेपट पातळ केली तर ठिपके कंट्रोलइतकेच येतात. हे आधी मोजून ठेवलं नसतं तर पुढचे आकडे वाचताच आले नसते.

४ ऑक्टोबर

काढणी, वेगळे भाग, पेशींवर. नवरात्राची गर्दी आहे, अंबाबाईच्या देवळाकडचे सगळे रस्ते बंद. विद्यार्थिनी चालत येते आणि चालत जाते.

१३ ऑक्टोबर

पहिली पिढी: ३४. दुसरी: २४. तिसरी: ११. चौथी: ५.

या वेळी मामांनी फळं लिहिली होती.

चौथी म्हणजे कंट्रोलच. न-७ तशीच वाढते, तशीच पांढरी, तितकीच दाट, पण कॅम्प्टोथेसिन गेलं. हे इतर ठिकाणीही झालेलं आहे. झाडाबाहेर काढलेल्या बुरश्या पिढ्यांगणिक हे कसब टाकून देतात. दुसऱ्या पिढीतले २४ मला सोडवत नाहीत. नुसतं चिकटून आलेलं असतं तर तिथं ४-५ दिसले असते. माझं मत: बुरशी काहीतरी करत होती, आणि झाड सुटल्यावर तिनं ते थांबवलं. मत आहे, पुरावा अजून नाही. अहवालात दोन्ही शक्यता लिहिल्या आणि चौथ्या पिढीचा आकडा पहिल्या पानावर घेतला.

सर म्हणाले, पहिल्या पिढीचं तेवढं छापूया, बाकी पुढच्या निबंधात. मी नाही म्हटलं. थोडा वाद झाला. सर शेवटी तयार झाले, आणि मग त्यांनीच आठवण करून दिली की पहिल्या पिढीच्या तीन नळ्या पॅराफिन तेलाखाली फ्रिजमध्ये अजून आहेत.

१५ ऑक्टोबर

ठरलं. झाडाकडून काही निरोप मिळत असेल म्हणून बुरशी काम करत असेल, तर निरोप परत देऊन बघायचा. परवानगीनं आणलेल्या फांद्यांची थोडी साल उरली आहे. तिचं पाणी रश्श्यात घालून चौथी पिढी पुन्हा वाढवायची. शेजारी पहिल्या पिढीची एक नळी उघडून लावायची.

मी फळ्यावर फ्लास्कांची आखणी करत होते. चौथी पिढी, सालीशिवाय. चौथी पिढी, सालीसह. पहिली पिढी, सालीशिवाय. पहिली पिढी, सालीसह. खडू ठेवला आणि वळले, तर विद्यार्थिनीच्या हातात पाचवा फ्लास्क होता, मार्करनं लेबल लिहिलेला.

"सालीत कॅम्प्टोथेसिन आधीच आहे ना मॅडम. म्हणून हा. साल आहे, बुरशी नाही."

उद्या सकाळी दहाला लावायचे, पाचही.